तीनदा सांगितलेली आई

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी नीट वाक्य तयार होईपर्यंत वर्गात शिरलेली म्हैस हाकलू दिली नाही, ही गोष्ट परभणीत पुष्कळांनी सांगितली. सांगणाऱ्यांतले बहुतेक तिथं नव्हते. मी होतो. म्हणजे त्या वर्गात नव्हतो, शेजारच्या वर्गात भूगोल शिकवत होतो. पण मधली भिंत तट्ट्याची होती आणि माझ्या भूगोलापेक्षा पलीकडचं इंग्रजी मलाही जास्त ऐकावंसं वाटे.

म्हैस आत शिरली तेव्हा पहिल्या बाकावरचं पोरगं उठून म्हणालं, "सर, बफेलो."

"पातळ," मास्तर म्हणाले. "फार पातळ. हे वाक्य आहे का वरण? जोर कुठं आहे?"

दुसऱ्यानं धीर करून सांगितलं, "सर, अ बफेलो हॅज कम."

"आली हे ती स्वतःच सांगते आहे. तू काय सांगतोस?"

एवढ्यात म्हशीनं भिंतीवरच्या जगाच्या नकाशाचा खालचा कोपरा तोंडात घेतला होता. शेवटी मागच्या बाकावरून एक घाबरा आवाज आला, "अ बफेलो, सर, अ ब्लॅक बफेलो, अ मॉन्स्टर, इज ईटिंग द वर्ल्ड." मास्तरांनी डोळे मिटले. वाक्य एकदा मनात म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "आता हाकला."

ऑस्ट्रेलिया गेला होता. नवा नकाशा येईपर्यंत तो तोंडी शिकवावा लागला, आणि भूगोल माझ्याकडं असल्यामुळं तो मलाच शिकवावा लागला.

निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूत चाले, सुट्टी शुक्रवारी असे, पोरं घरी मराठी बोलत आणि गल्लीत दखनी. इंग्रजीचा संबंध फक्त या मास्तरांच्या तासापुरता, तोही अंग चोरून. मास्तर मूळचे कुठले हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं, वऱ्हाडातले म्हणायचे. बायकोमुलं नव्हती. ऐन वैशाखातही शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, आणि कानावर विडी ठेवावी तसा खडू ठेवलेला. तो खडू ते विसरत आणि तसेच बाजारात जात.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका गोष्टीवर उभं होतं: वाक्यात जोर कसा आणायचा. व्याकरण त्यांना गौण वाटे. "व्याकरण म्हणजे हाडं. हाडं कुत्र्यालाही असतात," असं म्हणत. जोर आणायचे त्यांचे दोन मार्ग होते. एक, शब्द पुन्हा म्हणायचा, आणि तोही तीनदा. "एकदा सांगितलेलं हवेत जातं, दोनदा सांगितलेलं कानात, तिसऱ्यांदा सांगितलेलं काळजात." दुसरा मार्ग म्हणजे हलका शब्द काढून तिथं जड शब्द घालायचा. हे पोरांना समजावं म्हणून ते वर्गात वाण्याचा तराजू घेऊन येत. खरा तराजू, लोखंडी मापांसकट. 'बॅड' म्हणजे छटाक. 'हॉरिबल' म्हणजे पावशेर. पोरं आडतीवर वाढलेली, ती लगेच घासाघीस करत. "सर, 'टेरिबल' अर्धा शेर धरा की. उलीसं वर हाय."

'व्हेरी' या शब्दाला मात्र त्यांच्या तराजूत जागा नव्हती. 'व्हेरी' म्हणजे दुधातलं पाणी. त्याच न्यायानं त्यांनी मराठीतल्या 'लय'लाही बंदी केली होती. परभणीच्या पोरांना 'लय' बोलू न देणं म्हणजे बैलाला शेपूट हलवू न देणं. एका पोरानं उन्हाळ्यात सांगितलं, "सर, लय गरमायलंय." त्याला बाहेर उन्हात उभं करण्यात आलं आणि योग्य शब्द सापडल्यावर आत ये म्हणून सांगण्यात आलं. शब्द त्याला सापडला, पण तो आत येऊन म्हणण्यासारखा नव्हता.

हा नियम वर्गापुरता राहिला असता तर ठीक. पण मास्तर तो घेऊन गावभर हिंडत. शाळेच्या शिपायाला ते नेहमी तीनदा हाक मारत. हुसेनमियाँ दारातच बसलेला असे. तो पहिल्या हाकेला उठे, दुसऱ्या हाकेला समोर येई आणि तिसरी हाक तोंडावर झेले. एकदा म्हणाला, "साब, मैं एकीच बार में आता ना. बाकी दो किसके वास्ते?"

"तुझ्यासाठीच," मास्तर म्हणाले. "पहिल्या हाकेत तू नुसता शिपाई असतोस. तिसऱ्या हाकेत तू हुसेनमियाँ होतोस."

हुसेनमियाँ माझ्याकडं वळून म्हणाला, "फिर पगार में तीसरीवाली हाक क्यूं नहीं दिखती?"

बाजारातही तेच. वांगी ताजी आहेत का, खरंच ताजी आहेत का, आज सकाळची ताजी आहेत का. खेड्यावरची एक म्हातारी वांगी घेऊन येई. तिनं एकदा टोपलं पुढं ढकललं आणि म्हणाली, "मास्तर, तिनदा इचारल्यानं वांगं ताजं व्हतंय का? पिशी धरा."

मी त्यांना हसायचो. सगळेच हसायचे. पण मी हसायचो आणि शिकायचोही, हा माझा गाढवपणा. मी तेवीस वर्षांचा होतो, कच्च्या नेमणुकीवर होतो, आणि इंग्रजी आलं की माणूस पक्का होतो अशी माझी समजूत होती. म्हणून दुपारच्या सुट्टीत मी मास्तरांच्या समोर बसून वाक्यांना जोर आणायचो. त्याचा पहिला उपयोग मी बोरीला केला. तिथं माझ्यासाठी मुलगी बघायची होती. मुलीच्या बापाला सगळे अप्पा म्हणत. शेतीवाडीचा, मोजकं बोलणारा माणूस. शिरा आला. मी म्हणालो, शिरा चांगला झालाय. मग म्हणालो, फारच चांगला झालाय. तिसऱ्यांदा मास्तरांची आठवण झाली आणि मी म्हणालो, असा शिरा मी जन्मात खाल्ला नाही. आतून परात आली. ती संपवून उठताना मला भिंत धरावी लागली. अप्पा माझ्या काकांना हळूच म्हणाले, "पोराला घरी खायला घालत न्हाईत का काय?"

तरी सोयरीक जमली. एकच अट अप्पांनी घातली. "जावई परभणीत हाय म्हून पोरगी देतो. पूर्णेच्या पल्याड बदली झाली तर सोयरीक मोडली समजा. माझी पोरगी परमुलखात कुनाशी बोलंल?"

आणि हळद ठरायच्या आधी माझ्या बदलीचा हुकूम आला. पूर्णेच्या पल्याड, नांदेडच्याही पल्याड, मुधोळकडचं एक खेडं. तिथली पोरं तेलुगूत रडतात असं ऐकून होतो.

मी मास्तरांकडं गेलो. बदली रद्द व्हावी म्हणून दरखास्त, म्हणजे अर्ज, करायचा आणि तो इंग्रजीतच करायचा असं त्यांचं मत पडलं. "उर्दू दरखास्ती वरच्या कचेरीत ढिगानं असतात. इंग्रजी दरखास्त तुपासारखी वर तरंगते. कारण काय देणार?"

सोयरीक मोडेल हे कारण सरकारला सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "आई आजारी आहे."

माझी आई ताडकळसला एकटी राहायची. वडील लहानपणीच गेले होते. दोन म्हशी, थोडी जमीन आणि कपाळाला भस्माचे पट्टे. ताप आला तर ती तापालाच कामाला लावील अशी बाई.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "खरंच आजारी आहे?"

"हो."

"म्हणजे, अंथरुणाला खिळलेली?"

"हो."

"हे बघ, मी खोटं लिहीत नाही. जोर आणतो, पण खोटं लिहीत नाही. आजारी आहे ना?"

मी तिसऱ्यांदाही हो म्हणालो.

पहिल्या दरखास्तीत साधंच वाक्य होतं: माय मदर इज इल. मास्तर म्हणाले, सुरुवातीला छटाकच टाकायचा, नाहीतर पुढं मापं उरत नाहीत. महिनाभर उत्तर नाही. आमच्याकडं कचेरीचा रिवाजच असा होता की पहिल्या कागदाला उत्तर देणं हलकेपणाचं समजत. याददिहानी, म्हणजे आठवणीचा कागद, गेला की मग कागदांची मिसल उघडे. दुसऱ्या कागदात आई 'ग्रेव्हली इल' झाली. शिवाय हेल्पलेस झाली आणि अलोन झाली. त्यावरही कुणी हाललं नाही. इकडं अप्पांचा निरोप आला होता की हुकूम रद्द झालेला डोळ्यांनी बघेन, मगच हळद.

तिसरा कागद मास्तरांनी चार दिवस लिहिला. लिहून झाल्यावर उभं राहून मला मोठ्यानं वाचून दाखवला. "माय मदर, सर. माय पुअर मदर. माय ओन, माय ओन्ली मदर." त्यापुढं माझं नाव आणि तारीख.

"आजाराचं काहीच नाही यात," मी म्हणालो.

"आता गरज नाही. सगळं वजन एका शब्दावर टाकलंय. आजार लिहिला तर वजन वाटलं जाईल."

मला पटलं. मला तेव्हा त्यांचं सगळंच पटायचं, फक्त माझ्या फायद्याचं असलं की जरा लवकर पटायचं.

या वेळी आठव्या दिवशी उत्तर आलं. वरच्या कचेरीत इंग्रजी कागदांचा उर्दूत तरजुमा करणारा एक कारकून होता. म्हातारा आणि हळवा होता म्हणे. त्यानं आईच्या नावानं तीन हाका वाचल्या. आपल्या मुलखात माणूस गेल्याशिवाय त्याच्या नावानं अशा लागोपाठ हाका कोण मारतं? आधीच्या कागदांत आजारही होताच. त्यानं रीतसर तरजुमा केला की अर्जदाराची वालिदा अल्लाघरी गेली. खाली साहेबांचा हुकूम होता: सरकारला अर्जदाराच्या दुःखाबद्दल अफसोस आहे. आता परभणीत राहण्यासाठी कोणतंही कारण उरलेलं नसल्यामुळं त्यानं ताबडतोब नव्या जागी रुजू व्हावं.

हे मी शाळेच्या ओसरीवर वाचलं आणि खाली बसून रडलो. खोटं कशाला सांगू, खरंच रडलो. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, मी तिच्या हातची भाकरी खाऊन आलो होतो. पण कागदावर मोहर होती. सरकारला आपल्या आधी कळत असेल असं वाटण्याचा तो काळ होता. हुसेनमियाँनं माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि तोही बसला. हेडमास्तरांनी शाळा सोडून दिली. पोरं अतिशय दुःखी चेहऱ्यानं दारापर्यंत गेली आणि दाराबाहेर पळाली.

मास्तर तेवढे शांत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काल कशी होती प्रकृती?"

तेव्हा मी शुद्धीवर आलो. म्हणालो, "काल तर तिनं मला कडबा उचलायला लावला."

"म्हणजे आहे?"

"आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला. मग कागदाकडं पुन्हा बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. पहिलटकरणीच्या चेहऱ्यावर असतं ते. "तू त्या कारकुनाचा विचार कर," ते म्हणाले. "कधी न पाहिलेल्या बाईसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. कशानं? नुसत्या शब्दांच्या जागेनं." माझी नोकरी मुधोळकडं चालली होती, बायको व्हायच्या आधीच चालली होती, आई कागदावर गेलीच होती, आणि हा माणूस इबारतीवर, म्हणजे कागदातल्या शब्दांच्या बांधणीवर, खूश होता. त्यांनी चौथ्या दरखास्तीचं पहिलं वाक्यही तिथंच सुचवलं. शी इज अलाइव्ह, त्यापुढं आणखी दोनदा अलाइव्ह. मी कागद घेऊन पळालो.

आईला हे सांगायचा धीर मला तीन दिवस झाला नाही, आणि मी ताडकळसला पोचायच्या आत बातमी बोरीला पोचली होती. अप्पा बैलगाडी जोडून दुखवट्याला निघाले, बरोबर रिवाजाप्रमाणं कडू घासाची टोपली: भाकऱ्या आणि पिठलं. मी आलो तेव्हा गाडी अंगणात सुटत होती आणि आई भिंतीला गोवऱ्या थापत होती.

"शरणार्थ," आई नमस्कारादाखल म्हणाली. "असं अवचित येनं केलंत?"

अप्पा खाली उतरायचे थांबले. "आमी दुखवट्याला आलो."

"कोन गेलं?"

"तुमी की."

आईनं हातातली गोवरी भिंतीला लावली, चारी बोटं दाबून नीट बसवली. "कोन म्हनलं?"

"सरकार म्हनायलंय. तुमच्या लेकाच्या कागदावर आलंय."

"टोपलीत काय हाय?"

"भाकरी. पिठलं."

"आनलंय तर ठिवा आत. माझं जेवन व्हायचंच हाय."

मग सगळं माझ्या तोंडून काढण्यात आलं. आई जेवत ऐकत होती. अप्पा जेवले नाहीत. म्हणाले, "जित्त्या मायीला कागदावर मारनारा मानूस माझ्या पोरीला काय काय करंल?" जाताना मुदत देऊन गेले: साहेब मुआइन्याला, म्हणजे शाळा तपासायला, परभणीला येणार आहेत, त्या दिवसापर्यंत वाट बघतो.

त्या दिवशी आई स्वतः परभणीला आली. नको म्हणालो तर म्हणाली, "मी मेले का न्हाई ते माझं मी सांगते."

साहेब हैदराबादी, पिकल्या दाढीचे, फार अदबीचे गृहस्थ. हेडमास्तरांच्या खोलीत बसले होते. मी आणि मास्तर हात बांधून उभे. हुसेनमियाँ आईला घेऊन दारात आला.

"ये कौन साहिबा हैं?" साहेबांनी विचारलं.

हुसेनमियाँ म्हणाला, "मरहूमा हैं, साब."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांच्या अदबीच्या बैठकीत मयत बाई दारात उभी राहण्याची सोय नव्हती. तरी सावरून म्हणाले, खुदाचा शुक्र आहे, आणि आता आजार कसा आहे ते विचारायला सांगितलं.

"साब इचारायलेत, आजार कसा हाय," हुसेनमियाँ म्हणाला.

"कुनाचा?"

"तुमचा."

"मला कशाचा आजार? गाडी चिखलात फसली, ती मी ढकलली. बैलाला इचारा."

हुसेनमियाँनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तरजुमा केला. बैलासकट केला. साहेबांच्या चेहऱ्यावरची अदब तशीच राहिली, पण तिच्या आतलं सगळं निघून गेलं. सरकारला खोटी दरखास्त देणं म्हणजे नोकरी जाण्याचीच गोष्ट होती. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर मांडले. अक्षर कुणाचं, म्हणून विचारलं.

"मेरा," मास्तर म्हणाले.

"और बीमारी की ख़बर आप को किसने दी?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या शेरवानीच्या दुसऱ्या बटणाकडं पाहिलं. ते शिंपल्याचं होतं, चार भोकांचं, आणि एका भोकातून दोरा सुटला होता. इतकं नीट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

"किसी ने नहीं," मास्तर म्हणाले. "इबारत में वज़न कम पड़ रहा था."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. माझी बदली रद्द. मुधोळकडची जागा रिकामी होती, तिथं मास्तरांनी जावं, आणि तेही एक पायरी खाली उतरून. त्यांच्या जागी इंग्रजी शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून दुपारच्या सुट्टीत थोडंफार शिकलेल्या मला ते देण्यात आलं. म्हणजे मी पक्का झालो. अप्पांनी कागद डोळ्यांनी पाहिला आणि हळदीचा दिवस काढला.

आईनं मला एवढंच विचारलं होतं, "तू बोलला का न्हाईस?"

"बोलणार होतो."

ज्या दिवशी मास्तर निघणार होते त्या दिवशी तिनं ताडकळसहून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली, आणणाऱ्याबरोबर निरोपही दिला: एवढं त्यांना दे, बाकीचं तुझं तू सांग.

मी स्टेशनवर गेलो. मास्तर खिडकीशी बसले होते. एक ट्रंक, एक वळकटी. निरोपाला दुसरं कुणी आलं नव्हतं, कारण शाळेचा दिवस होता आणि हेडमास्तरांना साहेबांची धास्ती होती. मी पुरचुंडी खिडकीतून आत दिली. आईनं दिलीय म्हणालो.

"प्रकृती कशी आहे त्यांची?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती. खरंच विचारलं.

"बरी आहे."

"बरं."

मी सकाळपासून एक वाक्य जुळवत होतो. इंग्रजीत जुळवलं होतं, मराठीत जुळवलं होतं, वाटेत टांग्यात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. गार्डानं शिटी दिली. मी खिडकीची दांडी धरली.

"तिकडचं पाणी चांगलं आहे म्हणतात," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"असंच. लोक."

गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो.

"ते तर तूच जाऊन बघणार होतास की," मास्तर म्हणाले, आणि मान खाली घालून पुरचुंडीची गाठ सोडायला लागले.